पहिल्या मुक्कामाचा दगड

१७ जून, मंगळवार

पुन्हा दुपारी एक. पुन्हा डबा उघडा, पोळी गार — आणि दोष सर्वस्वी भामाबाईंचा!

तिकडे सकाळचे साडेसहा. माणदेशात कुठेतरी दोन खोल्यांचं रेडिओ केंद्र आहे, ‘रेडिओ जोंधळा’. त्याच्या लहरी म्हणे चार गावांपलीकडे पोचत नाहीत. पण मोबाईलवर लावलं की इथे, न्यूझीलंडच्या पार शेपटाशी, इन्व्हरकार्गिलला लख्ख ऐकू येतं. मंगळवारी आणि शुक्रवारी ‘कुणाचं कोण?’ हा कार्यक्रम. माणसं येतात, आपण कुठले, कुणातले, काय खातो, कशाला भितो ते सांगतात. कुणी विद्वान नसतो. म्हणून ऐकवतं.

प्रांजल नावाची मुलगी निवेदन करते. आवाजावरून तेवीस-चोवीसची असावी. आज तिच्यासमोर भामाबाई होत्या, मेंढपाळ. वय — “असंल सत्तरीच्या मागं-म्होरं.” पावसाळ्यात मेंढरं गावी असतात म्हणून बाई मोकळ्या. दिवाळीचा पाडवा झाला की वाडा कोकणाकडे सुटणार. वाडा म्हणजे यांच्या भाषेत मेंढरं, घोडी, कुत्री, बिऱ्हाड, सगळं चालतं-बोलतं. तोवरच गोष्टी.

“आजी, आठ महिने घर सोडून राहता. परकं नाही वाटत?”

“घर सोडून कुटं? घर घोड्यावर असतंय की! गावात हाय ते कोठार.”

घास हातातच राहिला.

मी लोकरीच्या गोदामात गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावतो. खिडकीतून समोर शेकडो मेंढ्या दिसतात. त्यांना हाक मारणारं कुणी नाही. कुंपण आहे.


२० जून, शुक्रवार

सकाळी संध्येला बसलो. संकल्पात देश सांगायचा असतो — कुठल्या खंडात, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरी. पाण्याचा हात वर धरला आणि थबकलो. गेली तीन वर्षं मी बिनदिक्कत कृष्णेच्या तीरी बसतो आहे! वाईच्या पाठशाळेत जीभ वळली ती वळली.

संयोगिताला सांगितलं. ती ड्यूटीवर निघाली होती. इथल्या वृद्धाश्रमात ती नर्स आहे. आम्ही इथे आलो ते तिच्या नोकरीसाठी. सांगली सोडताना मित्र म्हणाले होते, “हरी, बायकोच्या मागून चाललास?” मी म्हणालो होतो, नवीन काय त्यात?

ती बूट घालता घालता म्हणाली, “देवाला पत्ता ठाऊक असेल. नसला तर तीन वर्षांचं टपाल वाईत साचलं असेल. दिवाळीत गेलो की घेऊन येऊ.”


२४ जून

आज भामाबाई नाहीत. इस्लामपूरकडचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक केमिस्ट. मळी या विषयावर पाऊण तास. मळीलाही अस्मिता असते, हे कळलं.


४ जुलै, शुक्रवार

माझं पत्र वाचलं! प्रांजल म्हणाली, “आपले परदेशातले वार्ताहर, हरीकाका थत्ते.” बावीस वर्षं सांगलीत वार्ताहर होतो, पण त्या शब्दाने कधी कान तापले नव्हते. आज तापले.

पत्रात इथल्या मेंढ्यांचं वर्णन केलं होतं. भामाबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यास्नी इचार गं, तिकडं मेंढरं कोण राखतंय?”

“कुंपण राखतं असं लिहिलंय, आजी.”

“मग मेंढरं बोलत्यात कुनाशी?”

याचं उत्तर कुठल्याही शास्त्रात नाही. गोदामातल्या गोऱ्या मुकादमाला विचारलं, तो हसला. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला.


८ जुलै

थंडी मरणाची. तिकडे आषाढ, इकडे हाडं गोठवणारा हेमंत. चंद्रसुद्धा इथे उलटा दिसतो! पंचांग उघडलं, बघितलं, मिटलं.


१५ जुलै, मंगळवार

आजची गोष्ट नीट लिहून ठेवतो.

भामाबाईंच्या गावाहून वाडा सुटला की पहिला मुक्काम तरसखिंडीत पडतो. तिथे रस्त्याच्या कडेला एक उभा दगड आहे. तो दगड म्हणजे त्यांची आजेसासू. फार वर्षांपूर्वी म्हातारी याच मुक्कामावर तापाने गेली. जाताना म्हणाली, “मला माघारी गावात नेऊ नगा. हितंच ठेवा. येता-जाता वाडा दिसंल.” तेव्हापासून पहिल्या मुक्कामाचं पहिलं दूध त्या दगडावर. दूध झालं, हळद झाली की मगच चूल पेटते. एकदाही चुकलेलं नाही.

“दगडावर समदं काढलंय आमचं,” बाई म्हणाल्या. “खाली मेंढरं. मधी म्हातारीला दोघीजणी धरून नेत्यात. वर देव बसलाय. आन् अगदी वर सूर्व्या आन् चांद — म्हंजी दिस-रात चालत ऱ्हावा.”

मी ताडकन उठलो. हा दगड मला ठाऊक आहे! नव्व्याण्णव साली त्याच्यावर मी अर्धा कॉलम लिहिला होता. तो वीरगळ आहे. गावच्या गाई सोडवताना पडलेल्या योद्ध्याचं स्मारक. खाली आहेत त्या मेंढ्या नव्हेत, गाई. मधल्या दोघी अप्सरा. आणि ज्याला धरून स्वर्गात नेत आहेत त्याच्या हातात तलवार आहे, ओठावर मिशा आहेत.

जेवण राहिलंच.


१६ जुलै

पत्र लिहिलं. चांगलं उतरलं आहे. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सगळं रीतसर. शेवट असा : “भामाबाईंच्या आजेसासूबाई थोर होत्या यात शंका नाही. परंतु त्यांना मिशा होत्या काय, एवढाच प्रश्न उरतो.”

संयोगिताला वाचून दाखवलं. ती डाळ घोटत होती.

“पाठवू नका.”

“का? चूक आहे काही?”

“चूक नाही म्हणूनच.”

पाठवलं.


१८ जुलै, शुक्रवार

वाचलं. मिशांपाशी प्रांजल इतकी हसली की दुसऱ्या कुणाला तरी माईक घ्यावा लागला. केंद्रातली सगळी हसत होती. मीही इथे एकटाच गठ्ठ्यांमध्ये हसलो.

भामाबाई हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मिशा असतील बी. आमी कुटं निरखून बघतोय? दूध घालताना डोळं मिटल्यालं असत्यात.”

मग गाणं लागलं.


२२ जुलै

भामाबाई नाहीत. फलटणहून कुणीतरी ऊसतोडीच्या कोयत्यांवर.


२५ जुलै

नाहीत.


२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. शिराळ्याचे एक गृहस्थ आले होते, छान बोलले. मी अर्धंच ऐकलं.

प्रांजलला विचारलं, आजी कुठे? तिचा उलट आवाजी निरोप आला : “काका, दोनदा घरी जाऊन आले. येत नाही म्हणतात. ‘मला काय ठावं न्हाई, जे ठावं हाय ते त्या शिकल्याल्या बाबाला इचार,’ म्हणतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं.”

मनाला लावून घेऊ नका, असं माणूस कधी म्हणतं?


३० जुलै

संयोगिताला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ‘तरी मी सांगितलं होतं’ असं म्हणेल. तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “त्या दगडाशी तुमचं काही नव्हतं. तुम्हाला तिथे असल्यासारखं वाटायचं होतं, बस्स. मी पण तिथलाच, मलाही माहीत आहे — हे सांगायचं होतं. मग नुसतं तेवढंच लिहायचं की.”

बावीस वर्षं बातमीदारी केली मी. बातमी मात्र हिला आधी कळते.


३ ऑगस्ट, रविवार

क्षमेचं पत्र लिहिलं. चार मसुदे. पहिल्यात विनोद आला, फाडला. दुसऱ्यात संस्कृत आलं, फाडला. तिसऱ्यात दोन्ही. चौथा साधा : भामाबाई, मी चुकलो. गोष्ट तुमची होती, मी मध्ये बोललो. परत या.


८ ऑगस्ट

प्रांजलने पत्र वाचलं, हसली नाही. भामाबाई घरी रेडिओ ऐकत होत्या म्हणे. ऐकून घेतलं, बंद केला, मेंढरांकडे गेल्या.


१७ ऑगस्ट, रविवार

प्रांजलने फोटो पाठवला आहे. दहादा बघितला.

तरसखिंडीतला दगड खिंडीत नाही. खिंडीखालच्या गावच्या पंचायतीच्या दारात नव्या सिमेंटच्या चबुतऱ्यावर उभा आहे. सरपंचांनी माझं मिशांचं पत्र रेडिओवर ऐकलं. एवढं ऐतिहासिक धन रस्त्यावर धूळ खात पडलंय म्हणून जेसीबी लावून उचलून आणलं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर अनावरण. आणि शोभा यावी म्हणून दगडाला वरपासून खालपर्यंत चंदेरी ऑइलपेंट! अप्सरा स्टीलच्या पातेल्यासारख्या चमकत आहेत.

खाली पाटी : ‘अज्ञात वीर योद्धा. संशोधक – श्री. हरी थत्ते (परदेश).’

पाडव्यानंतर वाडा सुटणार. पहिल्या मुक्कामाला पोचणार. दूध घालायला तिथे खड्डा असेल.


१८ ऑगस्ट

सरपंच आप्पासोंना फोन केला. माझं नाव ऐकताच ते इतके खूश झाले की मला बोलायलाच मिळेना.

“आवं हरीभाऊ! तुमच्यामुळं गावाचं नाव झालं! कलेक्टरसायेब येनार हाईत बघायला.”

म्हटलं, आप्पासो, तो दगड जिथे होता तिथे परत उभा करायला हवा.

“का?”

म्हटलं, मेंढपाळांचा मान आहे तिथे.

“आसंल की. त्यास्नी सांगू, हितं येऊन दूध घाला. नळ बी हाय, सावली बी हाय. काय अडलंय?”

रेंज गेली, असं ते म्हणाले. मला मात्र त्यांच्या कोंबड्यासुद्धा ऐकू येत होत्या.


२ सप्टेंबर

इथे वसंत लागला. कोकरं जन्मताहेत. गोदामातून दिसतात, पांढऱ्या रुमालांसारखी. एक कोकरू तारेत अडकून दिवसभर ओरडत होतं. डबा सोडून गेलो, सोडवलं. मुकादम म्हणाला, त्याची आई येऊन सोडवत नाही, माणूसच लागतो. माहीत आहे, म्हटलं.


१२ सप्टेंबर, शुक्रवार

भामाबाईंच्या मुलाचा, बिरदेवचा नंबर मिळाला. माणूस सभ्य आहे. माझ्यावर चिडला असता तर सोपं झालं असतं.

“आय काय बोलत न्हाई, काका. दगुड उचलला त्ये बी तिला कळलंय. कुनाकुनाला सांगून बघितलं आमी. सरपंच म्हनत्यात, कागद आना. आमचा कुटला कागद?”

“वाडा कधी सुटणार?”

“पाडव्याच्या तिसऱ्या दिशी. सनवारी खिंडीत.”

“दगड नसला तर?”

तो म्हणाला, “आय म्हनती, चूल पेटवायची न्हाई. आन् पैल्या मुक्कामाला चूल पेटली न्हाई तर म्होरं कसं जायाचं, ह्ये कुनालाच ठावं न्हाई. कवा तशी येळच आली न्हाई.”

दीडशे मेंढरं, चार कुटुंबं. एका पत्रापायी खिंडीत अडकणार. दिवाळीची तिकिटं काढलेलीच आहेत. सांगलीला संयोगिताच्या बहिणीकडे उतरायचं आहे. तिथून खिंड तीन तास.


१८ ऑक्टोबर, शनिवार. सांगली

पोचलो. मेहुणीने दारातच विचारलं, “काय म्हणतंय परदेश?” काहीच म्हणत नाही, म्हटलं, ती घाबरली.

गणपतीचं दर्शन, भडंग, घाटावर चक्कर. कृष्णेचं पाणी तांबूस, आपल्याच नादात. काठावर बसून बघितलं. इतकी वर्षं मी हिचं नाव घेतो आहे. हिला पत्ता नाही.

मंडईच्या नाक्यावर जुन्या दैनिकातला सहकारी भेटला. म्हणाला, “वाळलास रे.” मग म्हणाला, “न्यूझीलंडला लाईट जाते का?”


२० ऑक्टोबर, सोमवार

तरसखिंड. जाताना एसटी, पुढे वडापची जीप. रस्ता चांगला झाला आहे.

आप्पासो पंचायतीच्या दारातच उभे. पन्नाशीचे, पांढरे कपडे, माझ्यापेक्षा बरं पोट. नारळ, शाल, हार! मी शालीत, शेजारी चंदेरी वीर, मध्ये पाटीवर माझं नाव. फोटो काढले. ऑफिसात भिंतीवर माझा नव्व्याण्णवचा अर्धा कॉलम, लॅमिनेशन करून.

“आप्पासो, दगड परत न्यायला आलोय.”

“आवं, तुमीच लिवलंय की! ह्ये बघा, लॅमिनेशन केलंय!”

तासभर झाला. मेंढपाळांचा मान — नाही. म्हातारीची शेवटची इच्छा — “आसंल बी, पर पुरावा?” कळवळा दाखवला, रागावलो, चहा घेतला. काही उपयोग नाही. आप्पासो वाईट माणूस नाही. त्याला गावासाठी काहीतरी मिळालं आहे, ते तो सोडेल कसा? मग सुचलं, आणि सुचल्याबरोबर मी बातमीदाराचा आवाज लावला.

“वीरगळ म्हणजे काय, आप्पासो? वीर ज्या जागी पडला नेमक्या त्याच जागी उभारतात तो. त्याची किंमत दगडात नाही, जागेत आहे. जागा हलली की उरतो नुसता दगड. कलेक्टरसाहेबांबरोबर एखादा जाणकार आला आणि त्याने विचारलं, मूळ जागेवरून कुणी हलवला — तर?”

आप्पासोंनी चहाचा कप खाली ठेवला.

“मंजी ह्यो योद्धा खिंडीतच मेला?”

“त्याच जागी. मी छातीठोक सांगतो.”

“लेखी देशाल?”

दिलं. तिथेच, त्यांच्या लेटरहेडवर, सहीनिशी. सदर वीर तरसखिंडीतच धारातीर्थी पडला, त्यामुळे स्मारक त्याच स्थळी असणे शास्त्रोक्त आहे. आयुष्यात इतकं ठाम वाक्य मी लिहिलेलं नाही.

ते वाचून आप्पासो म्हणाले, “पाटी बी खिंडीत लावू मग.”

म्हटलं, पाटी ठेवा पंचायतीत. “पर तुमचं नाव हाय की तिच्यावर!” म्हणून तर, म्हटलं.


२२ ऑक्टोबर. पाडवा

सांगलीत अभ्यंगस्नान, फराळ. बिरदेवने फोनवर व्हिडिओ पाठवला : मेंढरं रंगवली आहेत, गळ्यात झेंडूच्या माळा, ढोल वाजतोय, सगळा कळप उड्या मारत चाललाय. कोपऱ्यात हिरवं लुगडं नेसलेली, काठी घेतलेली एक काटकुळी बाई. ढोलाकडे नाही, मेंढरांच्या पायांकडे बघत होती.

त्या ह्याच असणार. आवाजावरून मी चांगली धिप्पाड बाई कल्पिली होती.


२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दगड परत खिंडीत! जेसीबी सरपंचांनीच दिला. रंग काढायला मात्र कुणी नव्हतं. थिनरचे दोन डबे, काथ्या, जुने टूथब्रश, आणि संयोगिता! मीही येते, म्हणाली. रोज म्हाताऱ्यांची अंगं पुसते, दगड काय जड आहे? दुपारभर दोघं घासत बसलो. अप्सरांच्या नाकात अडकलेली चांदी काही केल्या निघेना.

“मिशा खरंच आहेत,” ती म्हणाली.

मी काथ्या पुन्हा थिनरमध्ये बुडवला.


२५ ऑक्टोबर, शनिवार

कालची रात्र संयोगिता आणि मी आप्पासोंकडे राहिलो. दुपारी चारला खिंडीच्या तोंडाशी धूळ दिसली. आधी कुत्री, मग मेंढरं, मग सामान लादलेली घोडी. एका घोडीवर खुराड्यात कोंबड्या, आणि त्यांच्यावर बांधलेलं एक लहानगं झोपलेलं. घर खरंच घोड्यावर होतं.

भामाबाई मागून चालत आल्या. दगड लांबून बघितला आणि थांबल्या. आम्ही बाजूला झालो. मला वाटलं काहीतरी बोलतील. बिरदेवने शेरडी धरली, बाईंनी पितळी तांब्यात दूध काढलं आणि दगडावर ओतलं — डोळे मिटून. हळद लावली. चंदेरी डागांवरून बोट फिरलं, थांबलं, पुढे गेलं. मग सुनेला म्हणाल्या, “पेटव गं.”

चूल पेटली.

चहा झाल्यावर माझ्यासमोर येऊन बसल्या. “तुमीच व्हय ते?”

“मीच.”

“बारीक दिसताय. पत्रात जाड वाटला व्हता.”

मी क्षमा मागितली. हातानेच थांबवलं. “झालं की ते. किती डाव मागशाल?”

“पुन्हा रेडिओवर याल का?”

दगडाकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. बघू, म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. दुसरंच काहीतरी होतं. मला ओळखता आलं नाही.


२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी वाडा उठायच्या आधी त्यांनी मला बाजूला बोलावलं.

“तुमी लांब जानार, म्हनून सांगते. हितं कुनाला सांगायची सोय न्हाई. म्हातारीचा दगुड ह्यो न्हवंच. त्यो साधा व्हता, ओबडधोबड. भात्तर सालच्या दुष्काळात ह्यो रस्ता केला, खडी फोडायच्या कामावर म्या नवी सून. तवर वाड्यासंगं एकडाव बी आल्याली न्हवते. त्या साली दूध न्हाई, हळद न्हाई, दगुड कोरा. मुकादमानं दावला, म्या फोडला. सासरा सांजला आला, बघितलं, एक शबुद बोलला न्हाई. पडक्या देवळातनं ह्यो आनून उभा केला — चित्राचा दगुड कुनी फोडत न्हाई म्हनून. तुमचं पत्र आलं, ह्यो दगुड लढाईचा. मला वाटलं, ह्या बाबाला ठावं झालं.”

मी विचारलं, मग आजेसासू?

“ती रस्त्यात हाय की. तिच्यावरनंच आलाय तुमी.”

काठी उचलली, मेंढरांना हाक मारली आणि चालू लागल्या.